डब्ल्यूप्रोग्राम नावाची फाइल आणि माझे वाया गेलेले सहा आठवडे

पीएच.डी.च्या पहिल्या वर्षी मला प्रयोगशाळेकडून एक वारसा मिळाला. एक आर्डुइनो युनो बोर्ड, कार्बन डायऑक्साइड मोजणारा सेन्सर, वेळ सांगणारी घड्याळाची चिप, एसडी कार्ड, आणि एका सिनियरने २०१० च्या आसपास लिहून ठेवलेलं स्केच. (आर्डुइनोच्या दुनियेत प्रोग्रामला स्केच म्हणतात.) काम साधं होतं. वर्ग भरलेला असताना आणि सुटल्यावर खोलीतल्या हवेत कार्बन डायऑक्साइड किती असतो, ते दर दहा मिनिटांनी नोंदवायचं.

स्केच उघडलं, कंपाइल केलं आणि लाल अक्षरात पहिली ओळ आली : ‘डब्ल्यूप्रोग्राम.एच’ नावाची फाइल सापडत नाही. घड्याळाच्या लायब्ररीने ती मागितली होती. नेटवर शोधल्यावर पाच मिनिटांत उत्तर मिळालं, त्या जागी ‘आर्डुइनो.एच’ लिहा. लिहिलं. मग तक्रार आली की ‘वायर.सेंड’ आता राहिलेलं नाही, ‘वायर.राइट’ वापरा. तेही बदललं. कंपाइल झालं, बोर्डावर चढलं, कार्डावर आकडे पडायला लागले. मी खूश.

हा लेख त्या पाच मिनिटांबद्दल आहे आणि त्यानंतरच्या सहा आठवड्यांबद्दल. तुमच्यापैकी अनेकजण संशोधनात असंच कुणाचं तरी जुनं स्केच हातात घेऊन सुरुवात करणार आहेत. एरर दिसली की आपण उत्तर शोधतो, चिकटवतो आणि पुढे जातो. ती एरर कुठल्या सालची आहे, असं कुणी विचारत नाही. मीही विचारलं नव्हतं.

तर आधी तो ‘डब्ल्यू’ कुठून आला ते पाहू.

इटलीत इव्रेआ नावाचं गाव आहे. तिथे इंटरॅक्शन डिझाइन शिकवणारी एक संस्था होती. हेर्नांदो बारागान या कोलंबियाच्या विद्यार्थ्याने तिथे २००३ मध्ये मास्टर्सच्या प्रबंधासाठी एक प्रकल्प हाती घेतला, त्याचं नाव ‘वायरिंग’. कल्पना अशी की, कलाकार आणि डिझायनर मंडळींना मायक्रोकंट्रोलरच्या रजिस्टरांशी झटापट न करता दोन-चार सोप्या ओळींत दिवा लावता यावा, सेन्सर वाचता यावा. त्याच्या मार्गदर्शकांमध्ये मासिमो बांझी आणि केसी रीस होते. रीस हे ‘प्रोसेसिंग’ या चित्रांसाठीच्या प्रोग्रामिंग वातावरणाच्या दोन जनकांपैकी एक. आज आपण सवयीने लिहितो ते ‘पिनमोड’, ‘डिजिटलराइट’ वायरिंगमधूनच आलेले आहेत. २००५ मध्ये बांझी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वायरिंगचा कोड घेऊन स्वस्तातल्या एटीमेगा ८ चिपवर चालणारी वेगळी शाखा काढली, ती आर्डुइनो. बोर्डाचं नाव बदललं, पण आतल्या मुख्य हेडर फाइलचं नाव तसंच राहिलं. डब्ल्यूप्रोग्राम म्हणजे वायरिंग-प्रोग्राम. स्केचच्या फाइलचं ‘पीडीई’ हे शेपूटही तसंच, प्रोसेसिंगकडून आलेलं.

म्हणजे मला आलेली पहिली एरर एका विद्यार्थ्याच्या प्रबंधाकडे बोट दाखवत होती. बारागानने पुढे २०१६ मध्ये आपली बाजू सविस्तर लिहिली. श्रेय कुणाचं, हा वाद तिथे वाचायला मिळतो. संशोधनात येणाऱ्या प्रत्येकाने तो वाचावा असं मला वाटतं, पण तो इथला विषय नाही.

आता दुसरी तारीख, ३० नोव्हेंबर २०११. त्या दिवशी आर्डुइनो १.० आलं. त्याआधीच्या आवृत्त्यांचे नंबर ०००१ पासून ००२३ पर्यंत चालत आले होते, म्हणजे सहा वर्षं सगळं ‘अजून पक्कं नाही’ या सबबीवर चाललं होतं. १.० म्हणजे आता पक्कं. आदल्या वर्षी आलेल्या बोर्डाचं नाव ‘युनो’, इटालियन भाषेत ‘एक’, ते याच तयारीत ठेवलेलं. आणि पक्कं करायचं तर आधीच्या चुका आणि विसंगती आताच निस्तरायला हव्यात, नंतर संधी नाही. म्हणून टीमने एका झटक्यात बरंच काही बदललं. डब्ल्यूप्रोग्राम जाऊन आर्डुइनो.एच आलं. ‘पीडीई’ जाऊन ‘आयएनओ’ आलं. सीरियलला एक शब्द, वायरला दुसरा, असं न ठेवता सगळीकडे ‘रीड’ आणि ‘राइट’ केलं. स्ट्रिंगचा क्लास नव्याने लिहिला गेला.

लायब्ररी लिहिणाऱ्यांची मात्र पंचाईत झाली. निम्मे वापरणारे जुन्या आवृत्तीवर, निम्मे नव्या. मग एक तोडगा रूढ झाला. आयडीई कंपाइल करताना स्वतःचा नंबर ‘आर्डुइनो’ नावाच्या स्थिरांकात टाकून देते. ००२२ साठी २२, १.० साठी १००. लायब्ररीच्या डोक्यावर एक अट लिहायची : नंबर १०० किंवा जास्त असेल तर आर्डुइनो.एच घ्या, नाहीतर डब्ल्यूप्रोग्राम.एच. ही पाच ओळींची अट आजही शेकडो लायब्रऱ्यांत सापडते, जुन्या वाड्यात वीज आल्यावरही कोनाड्यात राहिलेल्या कंदिलासारखी. तुम्हाला ती दिसली तर समजायचं की ही लायब्ररी २०११ च्या आसपास जिवंत होती आणि कुणीतरी तिची काळजी घेत होतं. माझ्या घड्याळाच्या लायब्ररीत ती अट नव्हती. म्हणजे तिला २०११ नंतर कुणी हात लावला नव्हता. ही माहिती माझ्या डोळ्यांसमोर होती. मी ती वाचली नाही.

सहा आठवड्यांनी आलेख घेऊन गाईड सरांकडे गेले. त्यांनी दोन मिनिटं पाहिला आणि विचारलं, “हा वर्ग किती वाजता सुटतो?”

“साडेअकराला, सर.”

“मग पोरं बाहेर गेल्यावर पावणेबारापर्यंत श्वास कोण घेतंय?”

आलेखात कार्बन डायऑक्साइड उतरायला लागत होता तो बाराच्या सुमाराला. मी आधी घड्याळावर संशय घेतला. लायब्ररी जुनी, मी तीच दुरुस्त केलेली, म्हणजे चूक तिथेच असणार. घड्याळ सेकंदाला बरोबर होतं. मग सेन्सर हळू असेल म्हणून बघितलं. त्यावर फुंकर मारली की संगणकावर आकडा काही सेकंदांत वर जात होता. मग खिडक्या, पंखे, हवा खेळती नसणं, अशी सगळी भौतिक कारणं शोधून झाली. एक तर परिच्छेदसुद्धा लिहून ठेवला होता मी, ‘खोलीतील हवेच्या मंद विनिमयामुळे’ वगैरे. आज वाचून लाज वाटते.

चूक होती एका ओळीत, जिच्याबद्दल कंपाइलरने चकार शब्द काढला नव्हता. सीरियल.फ्लश.

सिनियरच्या स्केचमध्ये दर दहा मिनिटांनी असं व्हायचं : आधी सीरियल.फ्लश, मग पुढची एक पूर्ण ओळ वाचायची, मग कार्डावर लिहायची. सेन्सर दर सेकंदाला साधारण तीस अक्षरांची एक ओळ पाठवतो, त्यात कार्बन डायऑक्साइड, तापमान आणि दमटपणा. मधल्या दहा मिनिटांत आलेल्या शिळ्या ओळी फेकून द्यायच्या आणि ताजी ओळ घ्यायची, यासाठी फ्लश. २०१० मध्ये हे अगदी बरोबर होतं. तेव्हा फ्लशचा अर्थच ‘आत आलेलं आणि अजून न वाचलेलं टाकून द्या’ असा होता.

१.० मध्ये सीरियलवर पाठवण्याची पद्धत बदलली. आधी प्रिंट म्हटलं की शेवटचं अक्षर रवाना व्हायला लागेपर्यंत प्रोग्राम तिथेच अडकून राहायचा. आता अक्षरं एका बफरात ठेवून प्रोग्राम पुढे जातो आणि पाठवणं मागून चालू राहतं. मग ‘सगळं बाहेर जाईपर्यंत थांब’ असं सांगायला एक शब्द हवा झाला. बाकीच्या प्रोग्रामिंग जगात त्या कामाला फ्लश म्हणतात. आर्डुइनोनेच तो शब्द उलट्या दिशेला वापरला होता. तेव्हा टीमने तोच शब्द घेतला आणि त्याचा अर्थ बदलला. भाषेच्या दृष्टीने हे योग्यच होतं. रिलीज नोट्समध्ये ते स्पष्ट लिहिलेलंही आहे. पण नाव तेच, कंस तसेच, आत काही द्यायचं नाही हेही तसंच. कंपाइलरला तक्रार करायला जागाच नव्हती.

आता माझ्या बोर्डात काय होत होतं ते पाहा. फ्लश म्हटल्यावर बाहेर जाण्यासारखं काहीच नव्हतं, म्हणून ते लगेच परतायचं. आत येणाऱ्या अक्षरांसाठी युनोमध्ये ६४ बाइटांचा बफर असतो. त्यात तीस अक्षरांच्या दोन ओळी बसतात, वर तिसरीचं एखादं टोक. बफर भरला की त्यानंतर येणारं प्रत्येक अक्षर फेकलं जातं. म्हणजे जुनं टिकतं आणि ताजं हरवतं. दहा मिनिटांनी मी एक ओळ वाचली की रांगेतली सर्वांत जुनी ओळ मिळायची, आणि मोकळ्या झालेल्या जागेत त्याच क्षणाची एक ओळ शिरून रांगेत मागे उभी राहायची. तिचा नंबर लागेपर्यंत आणखी दोन फेऱ्या. शेजारी घड्याळाची वेळ अचूक, आणि आकडा जवळपास वीस मिनिटांपूर्वीचा.

आणखी एक पुरावा होता. अधूनमधून तुटक्या ओळी यायच्या, सुरुवातीला दुसऱ्याच ओळीची दोन-तीन अक्षरं चिकटलेली. तिसऱ्या ओळीचं ते टोक. मी त्यांना ‘नॉइज’ म्हणून गाळत होते. गाळण्यासाठी एक छोटा प्रोग्रामही लिहिला होता, फार सफाईदार.

सगळे आकडे वीस मिनिटं मागे सरकवून वाचवता येतील का, यावर आम्ही दोन दिवस घालवले. पण तुटलेल्या ओळींमुळे रांग कधी एकाने पुढे जायची, कधी मागे. प्रत्येक नोंदीचा उशीर नेमका किती, हे खात्रीने सांगता येईना. सर म्हणाले, “जे सांगता येत नाही ते प्रबंधात कसं घालणार?” सहा आठवडे गेले.

यातून माझ्यासाठी दोन जातींचा फरक पक्का झाला. डब्ल्यूप्रोग्राम ही बोंब मारणारी विसंगती. काम थांबवते, चिडचिड होते, पण घरात चोर शिरलाय हे तरी कळतं. फ्लश ही गप्प बसणारी. नाव टिकवून अर्थ बदलला की ती जन्माला येते. आणि ओरडणारी दुरुस्त केल्याच्या आनंदात गप्प बसणारी हमखास निसटते, कारण ‘कंपाइल झालं’ यालाच आपण ‘जुळलं’ समजतो.

हे २०११ सोबत संपलं असं मात्र नाही. ईएसपी ३२ वापरणाऱ्यांनी २०२४ मध्ये याची पुनरावृत्ती पाहिली. त्या चिपच्या आर्डुइनो कोअरची ३.० आवृत्ती आली आणि पीडब्ल्यूएमची फंक्शनं बदलली. आधी तीन पायऱ्या होत्या : ‘एलईडीसी-सेटअप’ने चॅनेल तयार करा, ‘एलईडीसी-अटॅचपिन’ने पिन त्याला जोडा, ‘एलईडीसी-राइट’ने चॅनेलला किंमत द्या. नव्यात पहिल्या दोन काढून एकच ‘एलईडीसी-अटॅच’ ठेवलं. जुनं स्केच कंपाइल केलं की त्या दोन ओळींवर एरर येते, आपण त्या बदलतो, आणि कंपाइल होतं. पण राहिलेल्या ‘एलईडीसी-राइट’चा पहिला आकडा आता चॅनेल नसून पिन आहे! तुमच्या कोडात तिथे शून्य असेल, तर तो चॅनेल शून्य म्हणून लिहिला होता आणि आता पिन शून्य म्हणून वाचला जातो. मोटर फिरत नाही. तुम्ही वायर तपासत बसता.

एखादा लेखक ही गोष्ट ओळखून आधीच बंदोबस्त करतो तेव्हा कौतुक वाटतं. आर्डुइनोजेसन या लायब्ररीच्या सहाव्या आवृत्तीत मूळ क्लासची नावं बदलली. जुन्या नावाने कोड लिहिला तर नुसतं ‘सापडत नाही’ असं येत नाही. हा क्लास पाचव्या आवृत्तीतला आहे, सहावीकडे कसं यायचं ते अमुक पानावर वाचा, असा संदेश कंपाइलरच्या तोंडूनच मिळतो. म्हणजे लेखकाने गेलेल्या नावाच्या जागी पाटी लावून ठेवली. मायक्रोपायथनने वेगळा मार्ग घेतला. त्यातल्या आधीच कंपाइल केलेल्या ‘एमपीवाय’ फाइलचा पहिला बाइट ‘एम’ हे अक्षर असतो आणि दुसरा त्या स्वरूपाचा आवृत्ती क्रमांक. बोर्डातल्या फर्मवेअरशी तो जुळला नाही तर फाइल आतच घेतली जात नाही. सर्किटपायथन ही त्याचीच शाखा. तिने पहिलं अक्षर ‘सी’ केलं, म्हणजे भाऊबंदांच्या फाइलींची सरमिसळ नको.

नंबर असले की प्रश्न सुटतो असं वाटत असेल तर २०१५ आठवा. आर्डुइनोच्या संस्थापकांमध्ये फूट पडली. एकीकडे बांझी आणि इतर तिघांची अमेरिकेतली कंपनी, दुसरीकडे बोर्ड बनवणाऱ्या जानलुका मार्टिनोंची इटलीतली कंपनी, जिने स्वतःचं नाव बदलून आर्डुइनो केलं. दोन वेबसाइट, कोर्टात ट्रेडमार्कचा खटला, आणि आपल्या दृष्टीने महत्त्वाचं म्हणजे दोन आयडीई. पहिल्यांची १.६ चालू होती. दुसऱ्यांनी आपली शाखा काढली आणि तिला नंबर दिला १.७. आकड्याने मोठी, म्हणून नवी? तसं काही नव्हतं. पहिल्यांच्या १.६.२ मध्ये मार्च २०१५ ला लायब्ररी मॅनेजर आला होता. तोवर लायब्रऱ्या झिप फाइलींतून हातोहात फिरायच्या, आणि कुठली आवृत्ती हे विचारायची सोयच नसायची. १.७ घेणाऱ्याला ‘मी पुढे आहे’ असं वाटायचं, पण तो एका वेगळ्याच फाट्यावर असायचा. ‘नंबर अमुकपेक्षा मोठा असेल तर’ ही अट अशा वेळी फसते, कारण ती अट एकच रस्ता आहे असं धरून चालते. ऑक्टोबर २०१६ मध्ये समेट झाला. डिसेंबरात जी एकत्र आवृत्ती आली तिचा नंबर १.८.०. पहिल्या घराण्याच्या वंशावळीत १.७ नाहीच. आयडीईच्या यादीत १.६ नंतर थेट १.८ का, याचं उत्तर या भांडणात आहे.

या स्थिरांकाची आणखी एक गंमत. फ्लशचा धडा मिळाल्यावर मी शहाणपण म्हणून डेटाच्या प्रत्येक फाइलीत वर हा नंबर छापायला लागले. नंतर पाहिलं तर २०२२ मध्ये आलेली आयडीई २ तिथे १०६०७ हा जुनाच ठरलेला आकडा देते, म्हणजे जणू १.६.७. जुन्या अटी मोडू नयेत एवढ्यापुरता तो आता उरला आहे. माझं शहाणपण तिथेच संपलं.

आणि हे सगळं झालं संगणकाच्या बाजूचं. बोर्डाच्या पोटातही एक तारीख असते. लॅमिंग्टन रोडवरून स्वस्तातला नॅनो आणलात आणि अपलोड करताना ‘नॉट इन सिंक’ आलं, तर केबल बदलण्याआधी हे लक्षात घ्या. नॅनोमध्ये पूर्वी जो बूटलोडर असायचा तो फ्लॅश मेमरीतले २ किलोबाइट खायचा आणि ५७,६०० बॉडने बोलायचा. जानेवारी २०१८ पासून अधिकृत नॅनोमध्ये युनोचाच ऑप्टिबूट आला, ५१२ बाइटांचा, १,१५,२०० बॉडने बोलणारा. आयडीई मूळ निवडीत नव्या वेगाने हाक मारते, आणि बाजारातल्या अनेक क्लोनमध्ये जुना बूटलोडरच असतो. दोघं वेगवेगळ्या वेगाने बोलतात, म्हणून एकमेकांना कळत नाही. मेनूत प्रोसेसरखाली ‘ओल्ड बूटलोडर’ निवडलं की काम होतं. बोर्ड खराब म्हणून फेकून दिलेले नॅनो मी स्वतः कचऱ्याच्या डब्यातून परत काढलेत.

वायफायचं वेगळं मोड्यूल असलेल्या बोर्डांवर तर दोन मायक्रोकंट्रोलर असतात. मुख्य चिपवर तुमची लायब्ररी आणि मोड्यूलमध्ये त्याचं स्वतःचं फर्मवेअर. लायब्ररी अपडेट होते एका क्लिकवर, फर्मवेअर राहतं कारखान्यातून निघालं त्या दिवसाचं. म्हणून वायफायनिना लायब्ररीच्या नमुना स्केचमध्ये सुरुवातीलाच दोन्ही नंबरांची तुलना असते आणि फर्मवेअर मागे असेल तर तसं सांगितलं जातं. ती ओळ पुष्कळजण पसारा म्हणून काढून टाकतात. ठेवा. (तिच्यातही एक खोड आहे. तुलना आकड्यांची नसून अक्षरांची आहे, त्यामुळे १.१० हे १.९ पेक्षा लहान ठरेल. तोवर कुणीतरी बदलेल अशी आशा.)

मी आता जुनं स्केच हातात आलं की कंपाइल करण्याआधी त्याचं साल ठरवते. पीडीई की आयएनओ, डब्ल्यूप्रोग्रामची अट आहे की नाही, सेंड की राइट, फाइलीच्या माथ्यावरची तारीख. साल कळलं की तेव्हापासून आजपर्यंतच्या रिलीज नोट्स वाचते, आणि ‘काढलं’पेक्षा ‘बदललं’ हा शब्द शोधते. काढलेलं कंपाइलर सांगणारच आहे. मग स्केचमधली प्रत्येक ओळ त्या यादीशी ताडून पाहते. कंटाळवाणं आहे, एक संध्याकाळ जाते. वापरलेल्या लायब्रऱ्यांची प्रत स्केचच्याच फोल्डरमध्ये ठेवते, मोजणी संपेपर्यंत अपडेटच्या बटणाला हात लावत नाही, आणि कोअरचा व प्रत्येक लायब्ररीचा नंबर हाताने लिहून डेटाच्या फाइलीत छापते. बोर्डावर पांढरी चिकटपट्टी लावून त्यावर बूटलोडर कुठला आणि फर्मवेअर कुठलं तेही लिहिलेलं असतं. आणि मोजणी सुरू करण्याआधी एक अशी घटना मुद्दाम घडवते जिची वेळ मला ठाऊक आहे. सेन्सरवर फुंकर मारायची, घड्याळ बघायचं, आणि ते शिखर कार्डावर कुठल्या नोंदीत पडलं ते पाहायचं. सहा आठवड्यांपूर्वी मी ही फुंकर संगणकाला जोडलेल्या सेन्सरवर मारली होती, कार्डावरच्या नोंदीत कधी शोधलीच नव्हती.

फ्लशच्या जागी आता तीन शब्दांचं लूप आहे, बफरात काही शिल्लक असेपर्यंत वाचून टाकत राहणारं. सिनियरला फोन करून सांगितलं तेव्हा तो आधी मानायलाच तयार नव्हता. “अगं, माझ्याकडे तर बरोबर चालायचं ते!” चालायचंच. त्याच्या लॅपटॉपवर ००२२ होतं.